हॉल कबड्डीला मिळाला त्याची गोष्ट

तेराव्या वर्षी इतरांच्या मुलांना मुरुमं येतात. आमच्या मुलीला मतं आली, आणि तीही सगळी एकाच विषयावर: पुण्याचे संघ.

"क्रिकेटवाले भाडेकरू होते," भाकरीचा तुकडा मोडत ती सांगते. "दोनदा आले, दोनदा गेले. भिंतीला खिळासुद्धा ठोकला नाही." फुटबॉलच्या संघाबद्दल मात्र ती हळवी आहे. लहानपणी एकदा बाबाच्या खांद्यावर बसून तिने त्यांचा सामना पाहिला होता, निम्माच. हडपसरहून बालेवाडीला जायचं म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं. आम्ही पोचलो तेव्हा मध्यंतर संपत आलं होतं. "आपण कधी वेळेवर गेलोच नाही. कंटाळून गेले बिचारे," असा तिचा निकाल आहे, आणि वाहतूक खात्याने तो फ्रेम करून लावावा असं माझं मत आहे.

उरला कबड्डीचा संघ. तो तिचा देव. "हे राहिले. इतकी वर्षं हरले, तरी राहिले. हरून राहायला दम लागतो."

माझं माहेर मुंबईचं. उन्हाळ्यात क्रिकेट सुरू झालं की मी मुंबईच्या संघाची, आणि त्याबद्दल मला घरात फितूर म्हणतात. खरं तर आमची सगळी सोसायटीच तेव्हा फितूर होते. खाली क्लब-हाउसच्या हॉलमध्ये मोठा पडदा आहे. त्यावर क्रिकेट लागतं, आणि मुंबईने चौकार मारला की वरच्या मजल्यापर्यंत आरोळी पोचते. आमची मुलगी गॅलरीत उभी राहून थंडपणे विचारते, "मुंबई जिंकली की आपल्या नळाला पाणी जास्त येतं का?"

तर एका वर्षी हा कायम हरणारा कबड्डी संघ जिंकत सुटला. जिंकत जिंकत थेट अंतिम सामन्यात. मुलीची भूक गेली, झोप गेली. तिला एकच गोष्ट हवी होती: अंतिम सामना हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर, माणसांच्या गर्दीत बघायचा. घरी आमच्याकडे टीव्ही आहे, चांगला आहे, असं मी सुचवून पाहिलं.

"आई, दरवेळी मी सोफ्यावर एकटी ओरडते. हरल्यावर एकटी रडते. फायनलला पण तेच करू का?"

मी टीव्हीचा रिमोट उशीखाली सरकवला. बाप तर पेपरात तोंड घालून बसला.

अडचण अशी, की त्याच संध्याकाळी क्रिकेटचाही सामना होता. आमचे चेअरमन माझ्याच वयाचे, विम्याच्या कंपनीतले, आणि बोलणं सदाशिव पेठेत धार लावून आणलेलं. मुलगी त्यांच्याकडे गेली.

"काका, हॉल एक संध्याकाळ कबड्डीला द्याल का?"

"कबड्डी बघतात? मला वाटलं खेळतात."

"फायनल आहे."

"असेल. हॉल माझ्या तीर्थरूपांचा नाही. रविवारी सकाळी मीटिंग आहे, तिथे बोल. हात वर होतील तसं ठरवू. आणि थोडक्यात बोल, लोकांचा नाश्ता व्हायचा असतो."

रविवार तीन दिवसांवर होता. कॉलेजात मी एकांकिकांतून कामं केली आहेत. बक्षीस मिळालं नाही, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. मुलीची तालीम मी हातात घेतली. भाषण मी लिहिलं. सुरुवात अशी: "आमचं पुणं. आमचा संघ. आमचा अभिमान." प्रत्येक 'आमचा'ला हात छातीवर, आणि मग एक श्वासाचा विराम. आरशासमोर ते इतकं छान दिसायचं की मलाच हुंदका यायचा. मुलगी म्हणाली, "आई, हे जरा पंधरा ऑगस्टसारखं वाटतंय." मी म्हटलं, दिग्दर्शक कोण आहे?

रविवारी हॉल भरला होता. पाण्याच्या टँकरवर भांडण होऊन गेलं होतं, त्यामुळे वातावरण तापलेलं होतं. मुलगी उभी राहिली. हात छातीवर. "आमचं पुणं. आमचा संघ. आमचा अभिमान."

विराम. मी सांगितला होता तसाच, श्वासभर. पण त्या विरामात आमच्या मजल्यावरच्या अकोल्याच्या काकू अगदी प्रेमाने म्हणाल्या, "तुमचा हो बाळा. आम्ही तर अकोल्याचे."

हॉल हसला. मागून कुणीतरी "आम्ही लातूरचे" म्हणालं, कुणी "जळगाव" म्हणालं, हजेरीच सुरू झाली. पुढच्या खुर्चीवर आजोबा बसले होते. आमची इमारत ज्यांच्या उसाच्या रानात उभी आहे ते आजोबा. आता तीन फ्लॅटचे मालक, आणि मीटिंगला कधी चुकत नाहीत. ते काठी आपटून म्हणाले, "पुणं तिकडं राह्यलं पोरी, कॅनॉलच्या पल्याड. ह्ये रान मांजरी गावचं हाय."

खुर्चीवर बसल्या बसल्या मला घाम फुटला. तीन दिवस मी त्या पोरीकडून एकच शब्द घोटून घेतला होता, आणि तो नेमका दार लावून घेणारा शब्द होता. 'आमचा' म्हटलं की ऐकणारा बाहेर. हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मराठीत जन्मलेल्या, रंगभूमी गाजवलेल्या बाईला कळलं नव्हतं. मी मुलीला खुणा करायला लागले, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिने छातीवरचा हात खाली घेतला.

"बरं. ते आईने लिहिलं होतं," ती म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"काकू, त्या संघात पुण्याचं कोण आहे माहितीये? जवळजवळ कुणीच नाही. कुणी लांबच्या खेड्यातून आलंय, कुणी दुसऱ्या राज्यातून, एक तर परदेशातून आलाय, त्याला हिंदीपण नीट येत नाही. घरापासून लांब राहतात. सणाला घरी जायला मिळत नाही. फोनवर आईला सांगतात, जेवलो, जेवलो." ती जरा थांबली. हा विराम मी शिकवलेला नव्हता. "या बिल्डिंगमध्ये पण सगळे तसेच आहेत की. म्हणून तो आपला संघ आहे. क्रिकेटवाले हरले तर दुसरीकडे जातात. आपले लोक हरून परत इथेच राहतात. एकदा फायनलला आलेत, तर कुणीतरी बघायला नको का?"

अकोल्याच्या काकूंचा मुलगा बंगळूरला असतो, हे मला माहीत होतं. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि हात वर केला. मग लातूर. मग जळगाव. मीही केला, माहेरची क्षमा मागून. तरी क्रिकेटवाल्यांचेही हात पुष्कळ होते, आणि चेअरमन मान डोलवत पुन्हा पुन्हा मोजत होते. सगळे आजोबांकडे बघायला लागले.

"आम्ही मातीत खेळलो," आजोबा म्हणाले. "आता गादीवर खेळत्यात म्हणं. गादीवर कसली आलीय कबड्डी?" मुलीचा चेहरा पडला. "बघायलाच पायजे येकदा," म्हणत त्यांनी काठीसकट हात वर केला.

चेअरमननी चष्मा काढला. "मंजूर. येताना ज्याने त्याने आपापली खुर्ची आणावी."

फायनलच्या संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. क्रिकेटवालेही आले होते, नुसते बघायला म्हणून, हात बांधून. आजोबा पडद्यासमोर पहिल्या रांगेत. त्यांना काहीच पसंत नव्हतं: ना बूट, ना दिवे, ना पंचांचा शर्ट. पण आपल्या पोरांनी समोरचा अख्खा संघ बाद केला तेव्हा ते काठी टाकून उठले. "लोण! लोण चढवलं!" आमच्या मुलीला तो शब्द माहीत नव्हता; ती त्याला ऑल आउट म्हणायची. तिने तो तिथल्या तिथे उचलला, आणि पुढच्या मिनिटाला सोसायटीची सगळी पोरं लोण लोण करत नाचत होती.

समोरचा संघ चिवट होता. शेवटाकडे त्यांनी अंतर कापत आणलं. अकोल्याच्या काकूंनी सगळ्यांसाठी आणलेला चिवडा एकटीनेच खाऊन संपवला. शेवटच्या चढाईला त्यांचा गडी आत शिरला आणि सगळ्या खुर्च्या पडद्याकडे सरकल्या. मुलीने एका हाताने माझं मनगट धरलं होतं, दुसऱ्या हाताने चेअरमनचं. चेअरमन पुटपुटत होते, "घोटा धरा. अहो, घोटा धरा कुणीतरी."

धरला. संपलं. पुणं जिंकलं.

मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या ऐकल्या आहेत, बहुतेक दुसऱ्यांसाठी वाजलेल्या. पण तसा आवाज नाही. खुर्च्या आडव्या झाल्या. मघापासून हात बांधून उभ्या असलेल्या क्रिकेटवाल्यांनी मुलीला खांद्यावर घेतलं. काकूंनी बंगळूरला फोन लावला आणि मुलाला "हॅलो" म्हणायचीही संधी न देता सांगितलं, "आपण जिंकलो रे. आपण म्हणजे काय विचारतोस, पुणं." मुलगी खांद्यावरून रडत होती, आणि या खेपेला रडायला तिच्याबरोबर निम्मी इमारत होती.

कुणालाच घरी जायचं नव्हतं. आजोबांनी खडू मागवला, हॉलच्या फरशीवर मधोमध रेघ ओढली आणि फर्मान काढलं, "बघितलं पुष्कळ. आता खेळा." सगळ्यांनी मिळून चेअरमनना पुढे ढकललं. त्यांनी चष्मा माझ्याकडे दिला, पँट दुमडली, आणि खोल श्वास घेऊन "कबड्डी, कबड्डी" करत चढाईला निघाले. विम्याच्या कंपनीतला माणूस इतका वाकू शकतो यावर माझा विश्वास बसेना. एका पोराला शिवून ते वळले, तोच आमच्या मुलीने मागून झेप घेऊन त्यांचा घोटा धरला. चेअरमन पालथे पडले. त्यांच्यावर लातूर पडलं, लातूरवर जळगाव पडलं.

"या हॉलमध्ये मैदानी खेळांस सक्त मनाई आहे," ढिगाऱ्याखालून त्यांचा आवाज आला.

"काका, दम सुटला. बाद," मुलगी म्हणाली आणि घोटा सोडला नाही.

"ते पंच ठरवतील," चेअरमन म्हणाले, आणि उजव्या हाताची बोटं फरशीवरून इंचाइंचाने रेघेकडे सरकवू लागले.