लाभ, दोन, तीन

दुसरबीडच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा आई रडली नाही. माझ्या पिशवीत धान्याचं मापटं कोंबत म्हणाली, "आपलं माप आपल्यापाशी असू दे वं." मी चिडलेच. लोखंडी मापटं घेऊन नोकरीला कोण जातं! वरून भावकी टपलेलीच होती, "येते पाहा पंधरा दिवसात वापस."

पुण्यातल्या एका छोट्या वाळवणाच्या कारखान्यात मला खारोड्यांसाठी घेतलं होतं. दोन महिने काम बघणार, जमलं तर पक्की, नाहीतर घरी. बाजरीची भरड लसूण-मिरची-तीळ घालून शिजवायची आणि उन्हात वाळवायची, त्यात काय एवढं? पण इथे सगळं ग्रॅममध्ये. कारखान्याच्या मालकीण वैद्य मॅडम म्हणाल्या, "ताई, मूठ अन् मापटं इथे कुणाला कळणार नाही. तुम्ही मोजा, मी वजन लिहिते."

बरं बापा. मी मापटी भरत गेले, "लाभ... दोन... तीन... चार... पाच." काट्यावर ठेवायचं, परातीत ओतायचं. मग पाच मापट्यांना लागतं तेवढं मीठही तोललं. मॅडमनी बेरीज करून कार्ड भिंतीला लावलं.

दुसऱ्या दिवशी बायकांनी कार्ड बघून मोठं पातेलं चढवलं. खारट! तोंडात धरवेना. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, नुसतं "उद्या बोलू" म्हणाल्या. भावकीची तोंडं डोळ्यांपुढे नाचायला लागली.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून आईला फोन लावला आणि भोकाड पसरलं.

"रडू नोको. काय लिवलं ते वाच मले."

कार्डाचा फोटो काढून ठेवला होता. मी वाचलं: चारशे, चारशे पाच, चारशे, तीनशे नव्वद.

"अन् पुढं?"

"पुढं बेरीज, मग मीठ."

"अवं माय! हे तं चारच झाले. लाभ कुठी गेला? त्या बाईनं लाभ लिवलाच नाई!"

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मी 'लाभ' म्हटल्यावर मॅडमनी पेन ठेवून, डोळे मिटून हात जोडले होते. मला वाटलं, पुण्याची पद्धत असेल! म्हणजे भरड चार मापट्यांची आणि मीठ पाचांचं.

धावत जाऊन सांगितलं. मॅडम आधी ओशाळल्या, मग पोट धरून हसल्या. "अहो, मला वाटलं पहिलं माप देवाच्या नावाचं, हिशोबात नाही!" लगेच पाचही मापटी धरून नवी खारोडी शिजवली. चाखून म्हणाल्या, "ताई, आता तुम्ही कुठे जात नाही." मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि एकटीच हसत सुटले. हुश्श!

आता कार्डावर ग्रॅमच आहेत. मीही बाजारात 'पाव किलो' मागते, 'मले'चं 'मला' झालंय, आई फोनवर चिडवते, "पुण्याची झाली वं तू." झाले असेन. पण माझ्यासारख्या घर सोडून आलेल्या बायांनो, एक सांगते. परत पाठवतील ही धास्ती होती तोवर मी दुसरबीडचं नावही मनात येऊ देत नव्हते. नोकरी पक्की झाली त्या दिवशी पहिल्यांदा गावाची मनसोक्त आठवण आली.