तिसऱ्यांदा विचारल्यावर

व्हर्लिन ऑमटने उभ्या आयुष्यात कशालाच पहिल्या विचारण्यात हो म्हटलं नव्हतं. यात त्याचा एकट्याचा दोष नाही. उत्तर मिनेसोटातली आमची सगळी वस्तीच तशी. कुणी कॉफी विचारली की म्हणायचं, "नको नको, आत्ताच घेऊन निघालो." पुन्हा विचारली की, "कशाला उगाच तुम्हाला त्रास." तिसऱ्यांदा विचारली की सुस्कारा सोडून, "बरं, केलीच असेल तर अर्धा कप," आणि मग पोटभर प्यायची. रविवारी चर्चच्या तळघरात खजुराच्या वड्यांचं ताट फिरतं. त्यातली शेवटची वडी कुणी उचलत नाही. एक जण अर्धी कापून घेतो, दुसरा त्या अर्धीची अर्धी, आणि उरलेला कण शेवटी ताटाबरोबर विसळला जातो. पण शेवटची वडी याने खाल्ली, असं कुणाचं नाव निघत नाही.

व्हर्लिन म्हणजे या सगळ्याचा कळस. हिवाळ्यात तो जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्यांचे खड्डे बुजवतो. लुॲनने त्याला लग्नाचं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "बघ, दुसरा कुणी बरा मिळत असला तर." लुॲन इथलीच, म्हणून निभावलं. तिने आणखी दोनदा विचारलं.

त्यांची एकुलती एक मुलगी ब्रिटा. शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा, एका ऑक्टोबरात, जेवता जेवता तिने जाहीर केलं की बोस्टनजवळच्या, समुद्रकाठच्या एका कॉलेजात तिला जायचंय, आणि तिथे ती आधीच्या फेरीत अर्ज करणार आहे.

"आधीच्या फेरीत म्हणजे?" व्हर्लिनने विचारलं.

"म्हणजे डिसेंबरातच निकाल. त्यांनी घेतलं की जायचंच. बाकी सगळीकडचे अर्ज मागे घ्यायचे. त्यासाठी तुझी सही लागते, बाबा."

"जायचंच? एकदम?"

"एकदम."

"पण त्यांनी या म्हटल्यावर आपण आधी जरा नको म्हणायचं, मग ते पुन्हा म्हणतील..."

"बाबा, ते पुन्हा म्हणत नाहीत."

व्हर्लिनला हा निव्वळ आगाऊपणा वाटला. एवढं मोठं कॉलेज, आणि माणसाला दुसऱ्यांदा विचारायची रीत नाही! खरं सांगायचं तर त्याचं दुखणं वेगळंच होतं. पोर दोन दिवसांच्या रस्त्यावर जाणार, हा विचारच त्याला सोसत नव्हता. पण तसं बोलेल तर तो व्हर्लिन कसला! तो म्हणाला, "तिकडे पार्किंगचे फार हाल असतात म्हणे," आणि सही करून टाकली.

डिसेंबरात निकाल लागला. ब्रिटा किंचाळली, लुॲन रडली, आणि व्हर्लिन "बरं झालं" म्हणून फावडं घेऊन बाहेर गेला. स्वतःच्या दारातला बर्फ काढला, मग शेजारच्या ऑर्व्हच्या दारातला, मग त्याच्या पलीकडच्यांचा. गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांची दारं मोकळी झाली तेव्हा कुठे तो घरात आला. एवढा आनंद आमच्या गावात याआधी कुणी उघड्यावर साजरा केला नव्हता.

पुढे त्याने कॉलेजच्या नावाचा स्टिकर आणून गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवला. मग लोक काय म्हणतील या भीतीने गाडी जिथे तिथे भिंतीकडे पाठ करून लावायला लागला. एका रविवारी ऑर्व्ह चर्चची भिंत आणि गाडी यांच्या फटीत वाकून बघत होता. "व्हर्लिन, हे काय लिहिलंय रे?" तेव्हा व्हर्लिन म्हणाला, "ते होय? गाडीबरोबरच आलंय." ऑर्व्हने त्याच्याकडे बघितलं, मग त्या जुन्या गाडीकडे बघितलं, आणि त्याचा हात हातात घेऊन हलवला.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. घोडं अडलं ते राहण्याच्या खोलीपाशी.

कॉलेजने त्या वर्षी जरा जास्तच मुलं भरून घेतली होती. दोघींच्या खोलीत तिसरी खाट घालून पहिल्या वर्षाच्या मुलींना कोंबणार, असं कळलं. ब्रिटाच्या वाट्याला तळघरातली तिघींची खोली आली. तिचा जीव अडकला होता किनाऱ्यावरच्या एका जुन्या लाकडी घरात. तिथे बाराच मुली राहतात, त्यांचं स्वतःचं स्वयंपाकघर असतं आणि खिडकीतून समुद्र दिसतो. कुणी गळलं तर तिचा नंबर लागणार होता. पण जून-जुलै ती सरोवराकाठी चर्चच्या शिबिरात लहान मुलांना पोहायला शिकवायला जाणार होती. तिथे फोन लागत नाही. म्हणून तिने कॉलेजला वडलांचा नंबर दिला.

निघताना तिने त्याला अंगणात उभं केलं. "फोन आला तर काय म्हणायचं?"

"हो."

"पहिल्यांदा विचारल्यावर?"

"हो."

"पुन्हा म्हण."

"हो गं बाई, हो!"

महिनाभर तो गवत कापता कापता पाठ करत होता. कुंपणापलीकडून ऑर्व्हने एकदा विचारलंही, "कुणाला रे एवढा हो हो म्हणतोयस?"

आणि एका सकाळी फोन आला. लुॲन समोरच भांडी पुसत होती.

"मिस्टर ऑमट? मी कॉलेजच्या वसतिगृह कचेरीतून बोलतेय. किनाऱ्यावरच्या घरात एक जागा रिकामी झालीय. ब्रिटासाठी हवी आहे का तुम्हाला?"

पाठ केलेलं सगळं ओठावर होतं. पण बाईंचा आवाज इतका सौजन्याचा, आणि हातातलं काम सोडून त्यांनी इतक्या लांबून फोन केलेला. व्हर्लिनच्या तोंडून पन्नास वर्षांची सवय बोलून गेली. "अहो, कशाला उगाच तुम्हाला त्रास!"

"म्हणजे नको?"

"तशी ती कुठेही राहील हो. दुसऱ्या कुणाला जास्त गरज असली तर..."

बाईंना ही पडत्या फळाची आज्ञा झाली. "किती समजूतदार आहात तुम्ही! माझ्याकडे एक जण लाइनवर थांबलेच आहेत. थँक यू." आणि फोन बंद झाला.

व्हर्लिन फोन कानाला लावून तसाच उभा. तो दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होता.

"कुणाचा रे?" लुॲनने विचारलं. मग त्याचा चेहरा बघून फडकं खाली ठेवलं. "व्हर्लिन! तू नको म्हणालास?"

"मी फक्त पहिलं नको म्हणालो!"

"अरे कर्मा! लाव, आत्ताच्या आत्ता उलटा फोन लाव."

त्याने लावला. पण ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस तो. आधी बोस्टनची हवा विचारली. मग आमच्याकडे यंदा डास फार झालेत ते सांगितलं. बाई म्हणाल्या, "मिस्टर ऑमट, तुम्हाला नक्की काय हवंय?"

असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्याने लुॲनकडे बघितलं. तिने मूठ उगारली होती.

"ती खोली," तो म्हणाला. "माझ्या मुलीला ती खोली हवी आहे. मला हवी आहे."

"अहो, मग आधीच का नाही म्हणालात? ती तर गेली."

भीड भिकेची बहीण, ती अशी.

त्याच दुपारी तो गाडी काढून शिबिरावर गेला. असलं काही चिठ्ठीत लिहून पाठवायचं नसतं, एवढं त्याला कळत होतं. ब्रिटा ओल्या केसांनी धक्क्यावर आली. "फोन आला?" तिचा चेहरा असा फुलला होता की त्याला वाटलं, आपणच सरोवरात उडी मारावी. त्याने सगळं सांगितलं, अगदी डासांसकट.

तिने ओले केस पिळले. मग म्हणाली, "काही हरकत नाही, बाबा. तिघींत राहायचं म्हणजे एक वेगळा अनुभव."

आमच्याकडे 'वेगळा' हा फार जहरी शब्द आहे. लुॲनने सासूला पहिल्यांदा रांधून वाढलं तेव्हा सासूबाईंनी चव वेगळी आहे म्हटलं होतं. लुॲनने तो पदार्थ पुन्हा केला नाही. पोरीने शिवी दिली असती तर व्हर्लिनला परवडलं असतं. घरी येईपर्यंत त्याने रेडिओही लावला नाही.

ऑगस्टच्या शेवटी तिघं दोन दिवस गाडी हाकत कॉलेजला पोचले. तळघरातली खोली म्हणजे तीन खाटा आणि मध्ये एका माणसाला तिरकं होऊन चालता येईल एवढी जागा. खिडकीतून समुद्राऐवजी येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसत होते. व्हर्लिनने खोके वाहिले, शेल्फ ठोकलं, खाटेचा डुगडुगता पाय ठीक केला. मग काम संपलं आणि त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

खोलीतल्या दुसऱ्या मुलीची आई, मिसेस फीनी, बोस्टनचीच होती. तिने डबा पुढे केला. "सँडविच?"

व्हर्लिनच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. "नको नको, आत्ताच खाल्लं," तो म्हणाला.

"बरं," म्हणून तिने झाकण लावलं. व्हर्लिन त्या झाकणाकडे बघत राहिला.

ब्रिटाला हसू आवरेना. जुलैपासून ती त्याच्यासमोर पहिल्यांदाच मनापासून हसली. "मिसेस फीनी, त्यांना अजून दोनदा विचारा. आमच्याकडे तीनदा विचारावं लागतं."

"तीनदा?" मिसेस फीनीने डोळे मोठे केले. "तोवर सँडविच वाळून जायचं की!" पण तिने विचारलं, एकदा, दोनदा, आणि दुसऱ्यांदा विचारताना डबाच त्याच्या मांडीवर ठेवला. तो दोन सँडविच खाऊन उठला.

निघायची वेळ झाली. लुॲनने पोरीला तीनतीनदा मिठी मारली. व्हर्लिन गाडीच्या किल्ल्या खुळखुळवत दाराशी उभा होता.

"बाबा, गाडीपर्यंत येऊ सोडायला?" ब्रिटाने विचारलं.

नको नको, कशाला, तुझं सामान लावायचंय अजून. सगळं वाक्य जिभेवर तयार होतं. व्हर्लिनने ते गिळलं.

"हो," तो म्हणाला. "ये."

लुॲन जिन्यातच थांबली. "तुला बरं वाटतंय ना?"

गाडी लांब लावलेली होती, पार्किंगचे खरंच हाल होते. या खेपेला त्याने ती तोंड भिंतीकडे करून लावली होती, आणि काचेवरचा स्टिकर येणाऱ्याजाणाऱ्याला चांगला वाचता येत होता. ब्रिटाने तो वाचला आणि वडलांच्या दंडाला धरलं.

"बाबा, थँक्सगिव्हिंगला चारच दिवस सुट्टी असते. तिकीट महाग असतं. तरी येऊ का घरी?"

"हो."

"आणि मधे कधी फार करमेनासं झालं, तर..."

"हो."

"अरे, पण मी अजून विचारलंच कुठंय!"

"तरी हो," व्हर्लिन म्हणाला, आणि रडला.