ह्यांचं नाक

आमचे हे, म्हणजे शरदचंद्र, वीस वर्षं उरवड्याच्या एका कारखान्यात वास घ्यायची नोकरी करत होते. हसू नका, खरंच. अगरबत्तीला लागणारे अर्क तिथं तयार व्हायचे. प्रत्येक पिंपातला थेंब कागदाच्या पट्टीवर घेऊन हुंगायचा आणि पास की नापास ते सांगायचं, एवढंच ह्यांचं काम. घरी आले तरी नाकाला सुट्टी नव्हती. कोथिंबीर कालची आहे हे दारातूनच सांगायचे. फोडणीत हिंग कमी पडला तर पेपर खाली न ठेवता बोलायचे. अशा माणसाच्या घरात चोरून काही करायची सोय नसते.

कारखान्यात एकदा बाहेरदेशचा तंत्रज्ञ आला होता. जाताना त्यानं ह्यांना पोर्टची एक बाटली दिली आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. पोर्ट म्हटलं की लोक विचारायचे, "गोव्याला मिळते ती गोड गोड का?" त्यावर हे इतके चिडायचे की पाहुण्यांना चहा देऊन मलाच सारवासारव करावी लागायची. ही पोर्तुगालची. एखाद्या उत्तम वर्षाच्या द्राक्षांची वाइन करायची आणि बाटलीत वीस-तीस वर्षं आडवी निजवून ठेवायची. तिच्या तळाला गाळ बसतो. प्यायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करायची, मग मागं दिवा धरून, हात न हलवता, मलमलीतून काचेच्या जगमध्ये ओतायची. आमच्याकडं ती मलमल म्हणजे ह्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा, धुऊन, उकळून ठेवलेला. ते धुणं-उकळणं अर्थात माझं.

नव्याण्णव साली हे निवृत्त झाले आणि नांद्यात दोन गुंठ्यांवर आम्ही घर बांधलं. दोन वर्षं हे गॅलरीत बसून शेजारच्या भातखाचरात इमारतींचे खांब उभे राहताना बघत होते. मग समोरच्या सोसायटीत शैलेश राहायला आला. मूळचा साताऱ्याचा, हिंजवडीत कामाला, कंपनी त्याला अधूनमधून लंडनला पाठवायची. तिथल्या दुकानात जुनी पोर्ट मिळते हे ह्यांना कळलं मात्र, माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. शैलेशनं त्याच्या ऑफिसातली अनुष्का आणली, तिनं आपला नवरा दिग्विजय आणला. चौघं वर्गणी काढायचे. वर्षातून एक बाटली, जानेवारीतला एक रविवार, सकाळी अकरा वाजता. जेवणाआधी नाक ताजं असतं, असा ह्यांचा नियम.

आणखी एक नियम होता. प्रत्येकानं आधी हुंगायचं, चाखायचं आणि काय वाटलं ते न बोलता चिठ्ठीवर लिहायचं. मग थोरल्यानं, म्हणजे ह्यांनी, बोलायचं. त्यानंतर बाकीच्यांनी आपली चिठ्ठी वाचून दाखवायची. ह्यांची चिठ्ठी कधी वाचली जात नसे. हे तोंडीच सांगायचे, डोळे मिटून. ती पोरं परीक्षेचा निकाल ऐकल्यासारखी ऐकायची. नंतर सगळ्या चिठ्ठ्या मी गोळा करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. वाचायची नाही. मला काय करायचंय? मी थेंबसुद्धा घेत नाही. मला ग्लास धुवायचे असतात आणि पाच माणसांचा मसालेभात करायचा असतो.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात ह्यांना मोठी सर्दी झाली, पंधरा दिवस ताप होता. ताप गेला, सर्दी गेली. पुढं एकदा मी गॅसवर दूध ठेवून वर कपडे वाळत घालायला गेले. खाली आले तर घरभर धूर, पातेलं काळं, आणि हे ओट्याला पाठ लावून शब्दकोडं सोडवत बसलेले. मी ओरडले. ह्यांनी वळून पातेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला सगळं कळलं. डॉक्टरांनी थेंब दिले, वाफ घ्यायला सांगितली, शेवटी "वय झालं" म्हणाले.

जानेवारी आला. बाटली आलेली, पोरं गॅलरीत बसलेली. हे पोर्टचा जग घेऊन स्वयंपाकघरात आले आणि हळूच म्हणाले, "सुलक्षणा, बघ गं, कसला वास येतोय?"

मी हुंगलं. "मनुका. अंजीर. आणि काळा गूळ, पाक व्हायच्या आधीचा."

हे बाहेर गेले, डोळे मिटले आणि माझे शब्द आपल्या आवाजात सांगितले. पोरांनी माना डोलावल्या. पुढच्या वर्षीही तसंच. आम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही. संसारात अशा पुष्कळ गोष्टी असतात. पण मला त्याचा शीण यायला लागला होता, हे कबूल करते. नाक माझं, कौतुक ह्यांचं, आणि भांडीही माझीच.

दोन हजार नऊच्या त्या रविवारी मी पहाटे पाचपासून उभी होते. गुडघे बोलत होते. हे जग घेऊन आले, "बघ गं." माझे हात कणकेत. मी वाकलेसुद्धा नाही. "मनुका, अंजीर, गूळ. नेहमीचंच," मी म्हटलं. हे गेले.

मागच्या दारी चंद्राबाई दूध घेऊन आली. आमच्या घराची जमीन मूळची तिच्याच सासऱ्याची. अजून दोन म्हशी आहेत आणि जीभ त्याहून धारदार. ओट्यावर धुवायला आलेली बाटली, तळाच्या गाळासकट, तशीच होती. तिनं नाक मुरडलं.

"बाई, ह्याला वल्या गोणपाटाचा वास येतुया."

"काहीतरीच काय?"

"काहीतरी न्हाई. पावसात भिजल्यालं गोणपाट. हुंगून बघा की तुमीच."

मी हुंगलं. गोणपाटच. बूच कुजलं की पोर्टला असाच वास येतो, हे ह्यांनीच मला शंभर वेळा सांगितलं होतं. बाटली वाया गेलेली होती. मी कणकेच्या हातांनी दारापर्यंत धावले, तोवर ह्यांचं बोलून झालं होतं. "काय मनुका आहे! आजवरच्या सगळ्यांत उत्तम," हे सांगत होते.

मग शैलेशनं आपल्या चिठ्ठीकडं पाहिलं आणि म्हणाला, "मनुका. हो, मनुकाच." दिग्विजय म्हणाला, "मीही गूळच लिहिलाय." अनुष्कानं चिठ्ठी वाचलीच नाही. "फार छान आहे, काका," एवढंच म्हणाली आणि ग्लास संपवला.

सगळे जेवून गेले. हे आडवे झाले. मी पहिल्यांदा चिठ्ठ्या उघडल्या. शैलेशनं लिहिलं होतं, 'बूच खराब.' दिग्विजयनं, 'गोणपाट. वाया गेली.' अनुष्काची लांब होती, 'खराब आहे. दूध करपल्यावर काकूंनी सांगितलं होतं ते खरंच दिसतं. काकांना कळू देऊ नये.' दुधाचं मीच तिला कधीतरी बोलता बोलता सांगून बसले होते. चौथी चिठ्ठी ह्यांची. तिच्यावर एकच शब्द होता, 'नाही.'

मी डबा उघडून आधीच्या दोन वर्षांच्या चिठ्ठ्या शोधल्या. दोन हजार सातची, ह्यांच्या नेटक्या अक्षरात, 'मला काहीच वास आला नाही.' आठची, 'आजही नाही.' म्हणजे हा माणूस दर वर्षी खरं लिहून घडी घालत होता आणि कुणी उघडून बघत नव्हतं. डबा तर माझ्याच हातात होता. मी ओट्याशी उभी राहून रडले. राग ह्यांचा आला, पोरांचा आला, सगळ्यांत जास्त माझा आला.

वर्षभर मी गप्प राहिले. डिसेंबरात शैलेशचा फोन आला, बाटली मिळालीय म्हणून. हे मला म्हणाले, "आता पुरे करू या का? दमलो मी." त्यांचा तो आवाज मला नवा होता. हे बंद झालं तर हा माणूस पुन्हा गॅलरीत बसून खांब मोजणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, "येऊ द्या त्यांना."

रविवारी हे जग घेऊन आत आले. "बघ गं."

"नाही बघणार."

"अगं, पोरं बसलीत बाहेर."

"चिठ्ठीत लिहिता ते वाचून दाखवा त्यांना."

हे थांबले. "तू वाचल्यास?"

"मागच्या वर्षी. त्यांच्याही वाचल्या. बाटली खराब होती. तुमच्यासाठी पोरांनी गोड मानून घेतली. तुम्हाला चुकीचं सांगितलं ते मी. मी हुंगलंच नव्हतं, कंटाळले होते."

हे स्टुलावर बसले. जग मांडीवर धरला. माझ्यावर रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग उठले आणि बाहेर गेले. मी दारात उभी राहिले. सगळ्यांनी लिहिलं. ह्यांनी ह्या वेळी डोळे मिटले नाहीत. घडी उलगडली आणि वाचलं, "मला वास येत नाही. दोन हजार सहापासून."

कुणालाच धक्का बसला नाही, आणि त्याचाच धक्का ह्यांना बसला. अनुष्कानं खाली बघत विचारलं, "पण काका, त्या दोन वर्षांचं मनुका, अंजीर तर अगदी बरोबर होतं. ते कुणी सांगितलं?"

ह्यांनी स्वयंपाकघराकडं बोट केलं.

दिग्विजयनं आपली खुर्ची रिकामी केली. मी पदराला हात पुसत बसले. इतक्या वर्षांत त्या गॅलरीत मी पहिल्यांदा बसत होते. ह्यांनी माझ्या हातात ग्लास दिला आणि स्वतः कोरी चिठ्ठी घेतली. वर माझं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट.

"जुनी चिंच," मी म्हटलं, "बरणीच्या तळाची. आणि नवं लाकडी कपाट पहिल्यांदा उघडल्यासारखं."

"हळू सांग," हे म्हणाले. लिहून झाल्यावर ह्यांनी पेन ठेवलं, आपला ग्लास नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"हं. पुढं?"