गळक्या गंजाबद्दल लाल शेरा

१९ नोव्हेंबर. सकाळी चिंच आणि राख घेऊन पितळेचा मोठा गंज घासायला बसले. आमच्या वऱ्हाडात मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. हा गंज आदल्या दिवशी एका तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या, स्वयंपाकात गळला आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईचा पाय त्यातल्या वरणानं भाजला. तारीख लक्षात आहे, कारण ज्या लिलावाच्या साइटवरून तो घेतला होता, तिथे विकणाऱ्याबद्दल शेरा द्यायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. हिरवा, राखाडी किंवा लाल, असे तीन शेरे. लाल म्हणजे वाईट.

"आई, लाल दे," कॉलेजात जाणारी माझी पोरगी दात घासता घासता म्हणाली. "त्यासाठीच तर असते ते."

"आधी त्याला विचारते."

"विचारून कोणी लाल देते का?"

मी अमरावतीत राहते आणि पंगतीचा स्वयंपाक करते. सुरुवातीला लग्नं, बारशी, साखरपुडे असायचे. मग कापसाची ती वाईट वर्षं आली आणि खेड्यांतली लग्नं पुढे ढकलली जाऊ लागली. तेरवी कोणाला ढकलता येत नाही. माझं काम कमी झालं नाही, फक्त बदललं. जिलेबीची कढई माळ्यावर गेली आणि वरण-भात, वडे, भाजी यांची भांडी रोज बाहेर राहू लागली. यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. कोणीतरी शिजवायलाच हवं.

मोठा पितळी गंज बाजारात मिळेनासा झाला होता. दुकानदार अ‍ॅल्युमिनियम दाखवायचे. पोरीनं साइटवर शोधला. विकणारा अकोल्याचा निघाला, म्हणजे आपल्याच भागातला. पन्नासच्या वर हिरवे शेरे, लाल एकही नाही. फोटोत गंज सोन्यासारखा चमकत होता आणि खाली लिहिलं होतं, उत्तम स्थितीत. मी घेतला, कल्हई करून घेतली आणि पहिल्यांदा चुलीवर चढवला तो या तेरवीला.

गाव अंजनगाव सुर्जीकडचं. गेलेला माणूस तिशीतला होता. कसा गेला हे मी विचारलं नाही. त्या वर्षांत आम्ही स्वयंपाकाची माणसं ते विचारत नसू, किती पानं आणि पाणी कुठून आणायचं एवढंच विचारायचो. वरणाला उकळी आली आणि बाई ओरडली, "अवो ताई, पाहा बरं, हे खालून काय पाझरून राह्यलं!" मी वळेपर्यंत गंजाच्या पोटातून धार लागली, ती थेट तिच्या पावलावर. चूल फसफसली. आम्ही दोघींनी गंज उतरवला, तिचा पाय हौदात बुडवला आणि उरलेलं वरण दुसऱ्या भांड्यात काढून पाणी वाढवलं. ते पातळ झालं, धुराचा वास लागला. पंगत मुकाट्यानं जेवली. तेरवीच्या जेवणात कोणी खोड काढत नाही. यजमानानं हात जोडून माझे आभार मानले तेव्हा मला फार राग आला, त्याचा नव्हे, त्या गंजाचा.

तर घासताना ते भोक नीट दिसलं. गंजाच्या पोटावर हाताच्या पंजाएवढी जागा बाकीच्या पत्र्यापेक्षा पातळ होती, बोट दाबलं की लवायची. मधे भोक, आणि भोकाच्या कडेला वितळलेला डाक, भांडी सांधायचा धातू. म्हणजे भोक आधीपासून होतं. डाक लावून ते बुजवलं होतं, वरून पॉलिश मारलं होतं. हे चुकून झालेलं नव्हतं.

मला तसंही तूरडाळ आणायला अकोल्याला जायचं होतं. गंज पोत्यात घातला आणि एस.टी. धरली. मूर्तिजापूरला एकीनं विचारलं, "काय नेऊन राह्यल्या बाई पोत्यात, मूल नाई ना?" मी म्हटलं, "गळका गंज." ती सरकून बसली, जणू गंज तिच्यावरही गळणार होता.

विकणाऱ्याचं घर एका गल्लीत होतं. पुढे भांड्यांचा ढीग, मागे राहायची खोली. तो चाळिशीचा, दाढी राखलेला माणूस. माझ्याशी वऱ्हाडीत बोलायचा, पडद्यामागच्या बायकोशी उर्दूत.

"या ताई, बसा. चाय सांगू?"

"चहा नको. हे पाहा." मी पोतं उलटं केलं.

त्यानं भोकात करंगळी घातली आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमी यात शिजवलं?"

"गंजात काय करतात मग?"

"अवो ताई, मी आतापावतर इतके इकले, कोणी चुलीवर नाई ठेवला. पुण्या-मुंबईचे लोक यात झाडं लावतात. एका बाईनं तं छत्र्या उभ्या केल्या, फोटो धाडला मले."

"भोक होतं हे तुला माहीत होतं."

"होतं," तो म्हणाला. नाही म्हणाला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

मी बाईच्या पायाचं सांगितलं. पडद्यामागून आवाज आला, "पूछो ना, पाँव कैसा है उस बाई का? चल सकती है?" मी म्हटलं, टाच टेकवत चालते, फोड आलेत.

मग त्यानं भोक कसं पडलं ते सांगितलं. तो खेडोपाडी मोटारसायकलवर फिरून जुनी पितळ घेतो. घरातली बाई गंज आणून ओट्यावर ठेवते, पण त्यावरचा हात काढत नाही. आपल्याकडे लग्नात मिळालेल्या भांड्यावर नाव कोरलेलं असतं, पोरीचं आणि देणाऱ्याचं. बाई म्हणते, "आधी नाव काहाड, मंग वजन कर." तिच्या डोळ्यांदेखत नाव जायला पाहिजे. एकदा त्यानं तसाच नावासकट एक हंडा आठवडी बाजारात मांडला होता. त्या बाईच्या भावानं तो ओळखला. बहिणीच्या घरी जाऊन, माहेरचं भांडं विकलं म्हणून तो तिच्या नवऱ्याला चारचौघांत असं घालूनपाडून बोलला, की ती बाई नंतर विहिरीवर यायची बंद झाली. तेव्हापासून हा कानस बरोबर ठेवतो.

"तिथं ओट्यावर सासू पाहून राह्यली, पोरं पाहून राह्यली, बाई तोंड फिरवून उभी. मी कानस दाबून मारतो ताई, लवकर आटपाव म्हणून. कवा कवा खोल जाते."

"खोल गेलं तर तो वितळवायला भट्टीत द्यायचा. डाक लावून विकायचा नाही."

"भट्टीचा भाव मी तिले देत नाई ना. साइटवर जाते म्हणून जास्तीचा देतो. देऊन बसलो, मंग भोक दिसलं." त्यानं पैसे काढून पुढे केले. मी घेतले. औषधपाण्याला लागणारच होते. "ताई, दुसरा गंज न्या. दोन न्या. पण लाल नका देऊ. लाल आलं का गिऱ्हाईक माल पाहातच नाई."

"विचार करते," मी म्हटलं आणि तूरडाळ घ्यायला निघाले. दुसरा गंज घेतला नाही.

परतीच्या गाडीत विचार केला तो असा. लाल शेरा दिला तर याचा धंदा बसेल आणि खेड्यातल्या बायांच्या पितळेला भट्टीचा भाव मिळेल. नाही दिला तर उद्या कोणीतरी पुन्हा भरला गंज चुलीवर चढवेल. सगळेच काही झाडं लावत नाहीत. बडनेऱ्यापर्यंत माझं ठरलं होतं. लाल द्यायचा, पण खाली खरं कारण लिहायचं, की हा माणूस बायांच्या सांगण्यावरून नाव घासतो आणि त्यात पत्रा पातळ होतो. वाचणाऱ्याला कळेल की हा चोर नाही, निष्काळजी आहे. मला ते न्यायाचं वाटलं. उतरले तेव्हा बरंच हलकं वाटत होतं.

घरी जाण्याआधी बाईकडे गेले. ती दारात पाय लांब करून बसली होती, पायावर मलम, शेजारी निवडायला घेतलेली मेथी. पैसे तिच्या हातात दिले आणि अकोल्याचं सगळं सांगितलं. शेवटी काय लिहिणार तेही सांगितलं.

ती मेथी निवडायची थांबली.

"लिहा ना. पाय काय तुमचा भाजला? माया भाजला. लाल द्या त्याले." मग म्हणाली, "पण नावाचं नका लिहू."

"काहून?"

"मीबी एक घागर देल्ली ताई. नवरा गेला त्या साली. समोर उभं राहून नाव काढून घेतलं. माया भावाले वाटते, घागर घरातच आहे. पोरगा त्याचा शिकून राह्यला पुण्यात, दिवसभर त्या कंप्युटरवर. वाचलं त्यानं तं पयले बापाले सांगन, आत्याची घागर पाहून या म्हणून."

"तुझं नाव थोडीच लिहिणार आहे मी?"

"माह्यं नाई लिहिणार. पण मंग हरेक भाऊ बहिणीच्या घरी जाऊन भांडे मोजन का नाई?"

मी म्हटलं, कारण लिहिलं नाही तर तो माणूस नुसता लबाड दिसेल. भोक बुजवून विकणारा.

"दिसू द्या," ती म्हणाली. "तो पुरुषमाणूस आहे. निभावून नेईन."

मी मेथीची अर्धी जुडी निवडून दिली. तिच्या बोलण्यात मला चूक सापडली नाही आणि ते पटलंही नाही.

संध्याकाळी पोरीला घेऊन कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेले. शेजारच्या खुर्चीवर एक मुलगा मोठ्यानं गाणी लावून बसला होता. साइटवर त्या माणसाच्या नावापुढे हिरव्या ठिपक्यांची रांग होती. भांडं सुंदर, माझ्या दिवाणखान्याची शोभा, असं कोणी कोणी लिहिलेलं.

"सांग आई, काय टाकू?"

"लाल."

तिनं दाबलं. मग मी सांगितलं आणि तिनं त्याचं इंग्रजी केलं: भांड्याला आधीचं भोक होतं, ते डाक लावून बुजवलं होतं. विस्तवावर ठेवल्यावर गळलं. एका बाईचा पाय भाजला. पैसे परत केले. या माणसाची भांडी चुलीवर ठेवू नका.

"भोक कशानं पडलं ते लिहू?" पोरीनं विचारलं. तिला मी ते सांगितलेलं होतं.

"नको."

"मग तो फ्रॉड वाटते आई."

"वाटू दे," मी म्हटलं. बाईचेच शब्द होते, तोंडात आले तेव्हा बरे वाटले नाहीत.

लाल ठिपका रांगेत सगळ्यात वर आला. बाकीचे हिरवे त्याच्या खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्याला फोन लावला. त्यानं दुसऱ्याकडून ऐकावं असं मला वाटत नव्हतं. पण त्यानं पाहिलेलं होतं.

"देल्लं ताई तुमी लाल."

"दिलं. खोटं एक अक्षर लिहिलं नाही."

"नाई. सारं खरंच आहे." पलीकडे कुठेतरी भांडी एकावर एक रचल्याचा आवाज येत होता. "नावाचं नाई लिवलं तुमी."

"नाही."

"बरं केलं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "परवा रिद्धपूरकडून माल येऊन राह्यला. आता भट्टीतच देतो."

मला एक सुचलं होतं, ते बोलून टाकलं. "माल भट्टीत कशाला देतोस? चांगले गंज नावासकट मला दे. मी तेरव्यांत शिजवते, तिथं भांड्यावरचं नाव कोण वाचते?"

"तेरवीले सोयरे येतात ना ताई," तो म्हणाला. "भाऊच येतात. नावासकट कोणी देत नाई."

मी फोन ठेवला. बाईच्या घरी जाऊन तिच्या पायाची पट्टी बदलली, तिच्या जागी आठवडाभरासाठी दुसरी बाई सांगितली. मग बाजारात जाऊन अ‍ॅल्युमिनियमची दोन मोठी पातेली घेतली. घरी आणल्यावर दोन्ही पाण्यानं काठोकाठ भरून अंगणात ठेवली, आणि गळतात का ते पाहत डाळ पाखडायला बसले.