कानाची गुप्त चौकशी

सास्तूरच्या रस्त्याला माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि आजवर ते माझ्या कानांवर चाललं. गाडी वळणावर दिसायच्या आधी मी सांगायचो, इंजिनातलं टॅपेट वाजतंय. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी, इंजिन चालू असताना मी गिऱ्हाइकावर "किक मार की!" म्हणून खेकसलो, तेव्हा माझा मीच चपापलो. मेस्त्रीला ऐकू येत नाही हे गावाला कळलं, तर गाडी घेऊन येणार कोण?

कानाच्या मशीनची चौकशी करायची होती, पण गुपचूप. मोबाईलवर माझा काडीचा विश्वास नाही. मागे एकदा मूळव्याधीचं औषध नुसतं शोधलं, तर महिनाभर तीच जाहिरात, आणि तीही नेमकी मेव्हण्याला लग्नाचे फोटो दाखवताना. म्हणून कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला विचारलं, "आपण काय बगितलं ते कुणाला कळू नये, याला काय करावं?" तिनं माझ्याकडं जरा संशयानंच पाहिलं, पण शिकवलं. टोपी-चष्म्याचं चित्र असलेली गुप्त खिडकी उघडायची. ठिकाण विचारलं तर नाही म्हणायचं, कुकीज नाकारायच्या, नाव-नंबर कुठंही भरायचा नाही. मी तिच्याही पुढं गेलो. एका ठिकाणी वय विचारलं, तिथं बावीस लिहिलं.

दुपारी दुकानात तिघं-चौघं बाकावर बसले होते. त्यांच्याकडं पाठ करून, मोबाईल छातीशी धरून मी मशीन कसं बसवतात याचा व्हिडिओ पाहिला. आवाज बंदच होता. नीट कळावं म्हणून दोनदा पाहिला. पुढं आठवडाभर कानाची एकही जाहिरात आली नाही. मी मिशीतल्या मिशीत हसलो.

पण गिऱ्हाइकांना काहीतरी झालं होतं. पूर्वी चावी टाकून चहाला जाणारी माणसं आता अगदी समोर येऊन, तोंडानं गाडीचा आवाज काढून दाखवू लागली. "मेस्त्री, असं करायलीय बगा! टक! टक! टक!" कुणी घुर्र करी, कुणी चिंव चिंव. एक म्हातारे शेतकरी आहेत, वर्षभरात चार शब्द बोलत नाहीत. त्यांनी तर गाल फुगवून सायलेन्सर वाजवला. मला वाटलं, गावात हे नवीनच खूळ निघालंय. मी मान डोलवायचो, सवयीनं डावा हात इंजिनवर ठेवून थरथर कुठली ते बघायचो आणि कामाला लागायचो.

शेवटी मुलगी डबा घेऊन आली आणि तिनं हा तमाशा पाहिला. "अप्पा, त्या दिवशी काय बगितलं ते लावा बरं." लावलं. ती कानांवर हात ठेवून ओरडली, "आवाज बंद न्हाय अप्पा, फुल हाय! त्यातली बाई वरडायलीय, कमी ऐकू येतं का? लाजू नका! गुप्त खिडकीनं आवाज कमी व्हत न्हाय!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते म्हातारे तिथंच बाकावर होते. त्यांना म्हणालो, "तुमाला समदं म्हाईत व्हतं. मग बोलला का न्हाईत?"

ते माझ्या कानाशी वाकले. "तुमी पाठ करून बगत व्हता. मंग आमी कसं ऐकावं?"

मला खरंच भरून आलं. मोबाईलला एवढी अक्कल कधी यायची?

सोलापूरहून मशीन आणलं आणि राजरोस कानात घातलं. पहिल्याच सकाळी म्हातारे गाडी घेऊन आले, माझ्यासमोर उभे राहून घसा खाकरला आणि जोर लावून म्हणाले, "टिक! टिक! टिक!"

मी गाडी चालू केली. कितीतरी दिवसांनी इंजिन स्पष्ट ऐकू आलं. ते टिक टिक नव्हतंच, साफ खर्र करत होतं. म्हणजे मागच्या वेळचा त्यांचा सायलेन्सर, बाकीच्यांचं घुर्र, चिंव चिंव, सगळंच चुकीचं असणार; आणि तरी एकही गाडी माझ्याकडून परत आली नव्हती.

म्हातारे माझ्या तोंडाकडं बघत होते.

"व्हय," मी म्हणालो, "टिक टिकच करायलीय." आणि डावा हात इंजिनवर ठेवला.