तात्यांची राहिलेली बाजू

"आधी समोरच्याची बाजू सांग. मग तुझं ऐकतो." तात्यांकडे तक्रार घेऊन गेलं की पहिलं वाक्य हेच. मग तो मॅनेजर असो की झाडूवाली.

आळेफाट्याजवळच्या आमच्या डेअरीत तात्या बॉयलरवर होते. आणे गावच्या पठारावरचा माणूस, बोलणं कमी आणि हट्ट दांडगा. आधीच्या कारखान्याने काढलं तेव्हा त्यांनी पुण्याच्या कामगार न्यायालयात नऊ वर्षं तारखा केल्या. जिंकले, पण तोवर कारखान्यालाच कुलूप लागलं होतं. "निकाल हातात हाय राव, काम कुठाय?" म्हणायचे. म्हणून मग आमच्या मालकांच्या मागे लागून त्यांनी मंगळवारची बैठक सुरू केली. बॉयलरशेजारी सतरंजी टाकायची, भांडणाऱ्या दोघांनी समोरासमोर बसायचं आणि एकमेकांची बाजू मांडायची.

पॅकिंगच्या सुपरवायझरने मला कामावरून काढलं तेव्हा मी वकील गाठायला निघाले होते. तात्या म्हणाले, "पोरी, पुण्याच्या एसट्या मी लई केल्या. आधी मंगळवारी ये."

सुपरवायझरची बाजू सांगताना संतापाने रडूच आलं मला. चार दिवस न सांगता दांडी, त्यात मशीनवर माणूस नाही, सगळं सांगितलं. मग त्याची पाळी आली. "हिची सासू दवाखान्यात व्हती. हिनं फोन केलता. म्याच उचलला न्हाई." बुधवारी मी कामावर होते.

पुढे मालक वारले, नवे मॅनेजर आले आणि त्यांनी तात्यांनाच घरी बसायला सांगितलं. मंगळवारी तात्या त्यांच्यासमोर सतरंजीवर बसले. साहेबांची बाजू त्यांनी अशी मांडली की तशी वकिलालाही जमली नसती. "मला ऐकू कमी येतं. बॉयलरची शिट्टी कळली न्हाई तर माणसं मरतील. साहेबांचं काय चुकलं?"

"मीही तेच म्हणतोय," साहेब म्हणाले आणि मोबाईल खिशात टाकून उठले.

"साहेब, माझी बाजू ऱ्हायली."

साहेब थांबले नाहीत. आम्ही सगळे तिथेच होतो, पण कोणी तोंड उघडलं नाही. मीसुद्धा नाही. तात्यांची बाजू समोर बसलेल्या साहेबांनीच सांगायची असा नियम होता, अशी मी मनाची समजूत घातली. नियम कसला मेला, नोकरीची भीती होती.

पुढे तात्या वारले. त्यांच्या दहाव्याला मी आण्याला जाऊन आले. आता मंगळवारी सतरंजी मीच टाकते. साहेब कधी येतात, कधी जमणार नाही असा निरोप पाठवतात. कंटाळा येतो, कधी वाटतं सोडून द्यावं. तरी टाकते.

तात्यांचे कान याच बॉयलरपाशी गेले होते. एवढंच सांगायचं होतं. तेव्हा सुचलं नाही असं नाही. अगदी ओठांवर आलं होतं.