मनकर्णाबाईचा कोहळा

अमरावतीच्या परकोटाच्या आत, जिथं माळणी सासू-सुनांच्या पिढ्यांपासून भाजी मांडून बसत होत्या, त्याच जागेवर कापसाचा कारखाना उभा राहणार असं ठरलं आणि गावाला दुसरं काही सुचेनासं झालं. सातासमुद्रापार कुणाची तरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीला गठाणी दाबायचं यंत्र बसवायचं होतं. यंत्राला वाफ हवी, वाफेला भट्टी हवी आणि भट्टीला धुराडं. हे धुराडं अंबादेवीच्या शिखराहून उंच जाणार, ही बातमी कुणी आणली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण तिच्यावरून भांडायला सगळं गाव तयार होतं.

काळ्या रानाचे पाटील खूश होते. गठाण घट्ट बांधली की एका गाडीत दुप्पट माल जाईल, असं ते ज्याला त्याला सांगत. बोऱ्यात उभं राहून पायानं कापूस तुडवणारे हमाल त्यांना विचारत, "मंग आमच्या पायाचं काय करता, पाटील?" पाटील पुढच्या माणसाकडं वळत. पुजारी म्हणे, देवीच्या डोक्यावरून धूर गेला तर गावाचं भलं होणार नाही. टोपीवाला साहेब घोड्यावरून यायचा, दोरी धरून जागा मोजायचा आणि कुणाशी न बोलता निघून जायचा. त्याच्या न बोलण्याचे अर्थ लावण्यात दुपार निघायची.

सगळ्यांत जास्त चिडले होते ते माळी. त्यांना वेशीबाहेर उन्हात बसवलं होतं. त्यांचे पंच खुशालराव यांनी जातीला मारुतीच्या पारावर जमवलं आणि प्रत्येकाला बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. "या कारखान्याले आपल्या वाडीतली काडीबी जानार नाई. जो देईन तो जातीबाहेर." मनकर्णाबाईनंही बेल उचलला. न उचलून सांगते कुणाला?

मनकर्णाबाई चाळिशीची, काटक, बोलायला तिखट. नवरा पटकीत गेला तेव्हा देवीदास सात वर्षांचा होता. मोट हाकायला माणूस नाही, म्हणून हिनंच बैलांचा कासरा हातात धरला. बाईनं मोट हाकू नये असं म्हणणारे होतेच, पण तिच्या वांग्यांना नाव ठेवायला त्यांची जीभ रेटत नसे. लोकांनी 'करू नये' म्हटलेल्या कितीतरी गोष्टी तिनं निमूटपणे केल्या.

एकच गोष्ट तिनं कधी केली नाही. तिनं कोहळा कापला नाही. कोहळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. बाईनं त्याला पहिला घाव घालायचा नसतो. आधी पुरुषानं सुरी लावायची, मग बाईनं फोडी कराव्यात. हे वऱ्हाडात कुणी कुणाला शिकवत नाही, ते असतंच. नवरा गेल्यावर हा पहिला घाव देवीदास घालू लागला. सात वर्षांचं पोर दोन्ही हातांनी विळा धरायचं आणि गिऱ्हाईक बाया हसायच्या. आता तो अठराचा झाला होता. बाप नसल्यानं लग्न लांबलं होतं, ते या वैशाखात ठरलं होतं. मुलगी अकोल्याची, खुशालरावांच्या सख्ख्या भावाची. मनकर्णाबाईनं अकरा वर्षं मोट ओढली ती या एका वैशाखासाठी.

इकडं धुराड्याचा पाया टिकेना. एकदा खचला, पुन्हा भरला. पुन्हा खचला तेव्हा दगड फोडणारी एक वडारीण खाली सापडली आणि गेली. झालं. धुराड्याला माणूस लागतो, त्या वडारणीनं त्याचं पोट भरलं नाही, आता लेकरू मागतंय, असं गावानं ठरवून टाकलं. आया पोरांना अंगणात सोडीनात.

चैत्रातल्या एका पहाटे शालिकराम मिस्त्री मनकर्णाबाईच्या विहिरीवर आला. हा एलिचपूरचा गवंडी, धुराड्याचं काम त्याच्याकडं होतं. त्यानं हात जोडले.

"बाई, एक कोहळा पायजे."

"आमी बेल उचलला, मिस्त्री. तुमाले मालूम नाई काय?"

"मालूम हाय. खाले नाई, धुराड्याच्या पायात घालाले पायजे. मानसाच्या बदल्यात कोहळा घालाव, हे तं आपल्या बापजाद्यांचं हाय ना? साहेबाले इचारलं तं तो हासला. म्हने, चुना वाढव. चुना वाढवला. पन मजूर खड्ड्यात उतरून नाई राहिले. खरं सांगू? मीबी भेऊन राहिलो."

मनकर्णाबाईच्या घरात माळ्यावर, पेंढ्यात ठेवलेला शेवटचा कोहळा होता. तिचा सासरा म्हणायचा, पायासाठी मागितलेल्या कोहळ्याला नाही म्हणू नये. नाही म्हटलं की त्याच्या जागी माणूस जातो. एकीकडं बेल आणि दुसरीकडं सासऱ्याचा शब्द. ती पाटाचं पाणी वाफ्यात वळवायला बसली. आवळा देऊन कोहळा काढणारे जगात पुष्कळ. या माणसानं आवळाही दिला नाही, नुसता तिच्यापुढं उभा राहिला. वडारणीचं तोंड तिच्या डोळ्यापुढून हलेना. ती उठली, घरात गेली आणि माळ्यावर चढली.

"माहं नाव निंगालं नाई पायजे," तिनं बजावलं. "माह्या पोराचं लगन हाय."

"जीव गेला तरी नाई निंगनार."

माणसं असं सहज म्हणून जातात. शालिकरामाला दुसऱ्याच दिवशी ते खरं करून दाखवायची पाळी आली.

त्यानं रीतीप्रमाणं, सुरी न लावता, कोहळ्याच्या देठाशी दाभणानं भोक पाडलं, आत कुंकवाचं पाणी घातलं, कणकेनं तोंड बंद केलं आणि लाल फडक्यात बांधून मजूर यायच्या आधी तो पायाच्या खड्ड्यात पुरला. आणि नेमकी त्याच सकाळी माणिकबाई हमालणीची चार वर्षांची पोर दिसेनाशी झाली. विहिरी बघितल्या, वेशी बघितल्या. मग कुणीतरी म्हणालं, मिस्त्रीला पहाटे लाल गाठोडं पुरताना पाहिलं. केवढं गाठोडं? त्या माणसानं दोन्ही हातांनी दाखवलं. ते माप बघून माणिकबाई जागच्या जागी खाली बसली.

मनकर्णाबाई वेशीबाहेर मेथीच्या जुड्या मांडत होती. लोक पळत आत जाताना तिनं पाहिले, त्यात देवीदासही दिसला. त्याच्या हातात धोंडा होता. भाजी तशीच टाकून ती मागोमाग निघाली.

खड्ड्याभोवती गर्दी मावत नव्हती. शालिकरामाचे हात मागं बांधले होते आणि कपाळातून रक्त गालावर आलं होतं. दोन शिपाई होते, ते लांब लिंबाखाली उभे राहून गर्दी वाढते की कमी होते तेवढं पाहत होते.

"कोहळा हाय, बाप्पा हो, कोहळा हाय," शालिकराम ओरडत होता.

खुशालराव पुढं झाले. "चैतात कोहळा कोठून आला? माळ्याशिवाय तो कोनाच्या घरी राह्यते? आनि माळ्यानं तं बेल उचलला हाय. नाव सांग. कोनं देल्ला?"

शालिकरामानं नकारार्थी मान हलवली.

"सांग ना बे!" पाठीत काठी बसली. तो गुडघ्यावर आला, पण बोलला नाही. त्याची नजर गर्दीवरून फिरली, मनकर्णाबाईपाशी आली आणि तिथं न थांबता पुढं गेली. ती तिथं थांबली असती तर मनकर्णाबाईला सोपं गेलं असतं. त्या माणसाचा तिला राग आला. एवढं इमान राखायला कुणी सांगितलं होतं?

दोघांनी खड्डा उकरला. गाठोडं वर आलं. फडकं चुन्यानं आणि कुंकवानं ओलं झालं होतं आणि ते रक्तच आहे असं बघणाऱ्या प्रत्येकाला वाटलं. माणिकबाईनं हंबरडा फोडला. मागून आरोळी उठली, "ठेचा त्याले!" देवीदासनं धोंडा खांद्यावर उचलला.

"थांबा!"

मनकर्णाबाईला आपला आवाज ओळखू आला नाही. "म्या देल्ला. कोहळाच हाय तो. माह्या माळ्यावरचा."

देवीदासनं आईकडं पाहिलं, मग खुशालरावांकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला तिला दिसला. वैशाख गेला, हे मायलेकांना एकाच वेळी कळलं.

"तू मिस्त्रीले वाचवून राहिली," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "दाव उघडून."

पण उघडणार कोण? पायाला दिलेल्या बळीला जो हात लावील त्याच्यावर तो उलटतो. जी माणसं धोंड्यानं जिवंत माणूस ठेचायला निघाली होती, ती फडक्याची गाठ सोडायला पुढं येईनात. शेवटी मनकर्णाबाईच खाली बसली आणि तिनं गाठ सोडली. आत कोहळा होता, राखेसारखी पांढुरकी पूड अंगावर घेतलेला. वरती कणकेची चकती.

हातच्या काकणाला आरसा कशाला! पण संतापलेल्या गर्दीला काकणही दिसत नाही. "तोंड बुजवलं हाय! आतमंदी पोरीचं रगत भरलं असन!" असा गलका झाला आणि काठ्या पुन्हा वर झाल्या.

"मंग कापा," मनकर्णाबाई म्हणाली. कमरेचा विळा काढून तिनं समोर धरला. "कापा कोनी. एवढे बाप्पे मानसं हा तुमी."

कुणी हात पुढं केला नाही. तिनं शेवटी लेकाकडं पाहिलं.

"देवीदास, ये बापू. तूच तं कापत आला लहानपनापासून. एक घाव घाल फक्त."

देवीदासनं धोंडा खाली टाकला. तो येणार असं तिला वाटलं. तो एक पाऊल मागं सरला, मग आणखी एक, आणि खुशालरावांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. खाली मान घालून तो आपल्या पायांकडं बघत होता.

आता तिच्यापुढं दोनच गोष्टी होत्या, कोहळा आणि गुडघ्यावर बसलेला मिस्त्री. कोहळा कापावा तर तिच्या समजुतीप्रमाणं तिच्याच थोरल्याच्या, एकुलत्या एकाच्या मानेवर घाव. न कापावा तर हा परका माणूस तिचं नाव पोटात घेऊन मरणार. तिचे हात थरथरत होते. "माय अंबे, पोराले सांभाळ," असं ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांनी ऐकलं, आणि तिनं विळा मारला.

कोहळा उकलला. कुंकवाचं लाल पाणी मातीत सांडलं आणि मागोमाग पांढरा गर आणि बिया दिसल्या. दुसरं काही नव्हतं. माणिकबाई सरपटत पुढं आली, तिनं दोन्ही फोडींत हात घालून चाचपलं आणि मग ती रडू लागली. तेवढ्यात वेशीकडून एक गाडीवान पोरीला खांद्यावर घेऊन आला. कापसाच्या गाडीत चढून बोऱ्यांमध्ये निजली होती, बडनेऱ्याच्या वाटेवर जागी झाली. गर्दीनं काठ्या टाकल्या. काही जण हसले. आपण तर आधीच म्हणत होतो, असं सांगणारे तिथल्या तिथं निघाले.

खुशालराव जाता जाता थांबले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं. "मानूस वाचवला तू मनकर्णा, मी नाई म्हनत नाई. पन बेल तं बेल हाय."

संध्याकाळी पंच बसले. मनकर्णाबाई जातीबाहेर. पोरगा वेगळा निघाला तर त्याला दोष नाही, अकोल्याची सोयरीक कायम. देवीदासनं दोन धोतरं आणि बापाचं पागोटं गाठोड्यात बांधलं.

"माय, तुले माहा इचार नाई आला काय?" दारात उभं राहून त्यानं विचारलं.

"तुहाच आला," ती म्हणाली. "माहा हात थरथरत व्हता तो काहून?"

त्यानं गाठोडं खांद्यावर टाकलं. तो अकोल्याला गेला, लग्न झालं, लेकरं झाली, तेल्हाऱ्याकडं कुणाची तरी वाडी वाहायला धरली असं कानावर आलं. धडधाकट होता. आईच्या दारात मात्र पुन्हा आला नाही.

कारखाना उभा राहिला. शालिकरामानं नवा पाया भरला. त्या पायात काय घातलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. देवीचं शिखर होतं तिथंच राहिलं. बोंबलणारे निम्मे हमाल यंत्रावर कामाला लागले, माळणी हळूहळू कारखान्याच्या भिंतीच्या सावलीला येऊन बसल्या. मनकर्णाबाई त्यांच्यापासून थोडी अलग बसायची. बाया आपसांत म्हणत, बाईनं कोहळा कापला आणि पोरगा गेला, बघा. एकदा हे तिच्या कानावर पडलं.

"कोहळ्यानं नाई नेला," ती मेथी निवडता निवडता म्हणाली. "त्याले पाय व्हते. तो चालत गेला."

तरी त्या बायांनीच एक रीत पाडली. ज्यांच्या घरी पुरुष गावाला गेलेला असे, त्या कोहळा पदराखाली घेऊन मनकर्णाबाईकडं यायच्या. तिनं पहिला घाव घालायचा, मग त्यांनी घरी जाऊन फोडी करायच्या. तिला आता काय भीती, असं त्यांना वाटत असावं. ती कुणाला नाही म्हणाली नाही.

एका दसऱ्याला नवी सून झालेली एक पोरगी कोहळा घेऊन आली. विळा बघून तिनं कोहळा परत पदराखाली ओढला.

"मावशी, तुमाले भेव नाई लागत?"

"पोरगं घरात हाय त्या बाईनं भ्याव, माय," मनकर्णाबाई म्हणाली. "आन इकडं."

पण विळा मारण्याआधी ती, दर वेळेसारखी, अंबादेवीकडं तोंड करून पुटपुटली. पोरीला ते नीट ऐकू आलं. ती देवीला अकोल्याकडच्या देवीदासला सांभाळायला सांगत होती.